भाचा सर्फिंग शिकून आलाय, त्याची भाषा कुणाला कळते का?

कुपवाडची_मावशी

मंडळी, मदत हवी आहे. माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात नोकरीला असतो. मित्रांबरोबर मंगळूरजवळ मुळकीला जाऊन सर्फिंग, म्हणजे फळीवर उभं राहून समुद्राच्या लाटेवर स्वार व्हायला, शिकून आला आणि तेव्हापासून पठ्ठ्याचं बोलणं आम्हाला कळेनासं झालंय. परवा जेवताना म्हणाला, "मावशी, मी गूफी आहे." त्याच्या आजीने घास तसाच खाली ठेवला. मग फोनवर कुणाला तरी तावातावाने सांगत होता, "तो एक नंबरचा कूक आहे, माझ्यावर ड्रॉप इन केलं त्यानं!" आम्हाला वाटलं हॉटेलातल्या आचाऱ्याशी भांडण झालं.

शब्दांचे अर्थ मोबाईलवर सापडतात, ते मी बघितले. मला तिथली रीतभात समजून घ्यायची आहे. कारण आता हा वरचेवर जाणार म्हणतोय, आणि बहीण रोज मला विचारते की हे धोक्याचं आहे का. पाणी म्हणजे काय हे सांगलीकराला शिकवायला नको, पण समुद्राचं आम्हाला काही कळत नाही. जाणकारांनी लिहावं.

कट्ट्यावरचा

रुमाल टाकून ठेवतो. भडंगाचा पुडा फोडलाय, येऊ द्या.

पश्चिमवारा

मावशी, मी मूळचा सांगलीतल्या विश्रामबागचा, नोकरीमुळे मंगळुरात आहे आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे पाण्यात असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्फिंगच्या भाषेचे दोन थर आहेत. वरचा थर सिनेमा-जाहिरातींतून आलेला. ड्यूड, काउअबंगा वगैरे. काउअबंगा तर मुळात १९५० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातला शब्द, तिथून तो फळीवर चढला. पाण्यात आज कुणी तसं ओरडलं तर बाकीचे हसतील. खालचा थर मात्र कामाचा आहे, आणि तो बहुतेक सगळा वाहतुकीचे नियम आहे. तुमच्या भाच्याचं भांडण त्याच थरातलं.

लाट एकाच वेळी सगळीकडे फुटत नाही. चांगली लाट एका जागी आधी फुटते, मग तो फेस बाजूला पसरत जातो. जिथे आधी फुटते त्या टोकाला पीक म्हणतात. फळीवर बसून लाटेची वाट बघणारे सगळे जिथे असतात ते लाइनअप. आता लाट आली, चार जणांनी हात मारायला सुरुवात केली, तर लाट कुणाची? जो पीकच्या सगळ्यात जवळ आहे त्याची. बाकीच्यांनी हात थांबवायचे. आधीच एक जण लाटेवर उभा असताना त्याच्या पुढ्यात दुसऱ्याने उतरणं म्हणजे ड्रॉप इन. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते आणि एखादा शहाणा मधूनच ट्रॉली घुसवतो, तिथे जे होतं तेच इथे होतं. फरक एवढाच की इथे घुसणाऱ्याच्या पायाखाली आठ फुटांची फळी असते आणि तिच्या बुडाला माशाच्या परांसारखे कडक पंखे असतात. अंगावर आली तर टाके पडतात. म्हणून पोरं चिडतात.

ह्याचाच चोरटा प्रकार म्हणजे स्नेकिंग. म्हणजे नियम मोडायचा नाही, पण दुसऱ्याला वळसा घालून हळूच पीककडे सरकायचं आणि हक्क सांगायचा. नियमात बसवून केलेला हलकटपणा.

कूक म्हणजे नवखा नव्हे. नवख्याला कुणी काही म्हणत नाही, सगळेच कधीतरी नवखे होते. नवखा असून जो बघत नाही, ऐकत नाही, फळी सोडून देतो आणि वर रुबाब करतो, तो कूक. लहान पोरं असतील तर त्यांना ग्रॉम. त्यांना सगळं माफ.

नाद_खुळा_४१६

कूक = मापात न राहणारा. ग्रॉम = बारकं बेणं. स्टोक्ड = नाद खुळा. विषय संपला लगा 😄

पश्चिमवारा

@नाद_खुळा, पहिले दोन बरोबर. स्टोक्ड थोडा वेगळा आहे. नाद खुळा आपण दुसऱ्याच्या कर्तृत्वाला म्हणतो. स्टोक्ड माणूस स्वतः असतो. लाट मिळून तासभर झाला तरी ज्याची कळी खुललेली आहे तो.

पट्टीचा_पोहणारा

वाचतोय. सगळं मान्य, पण ह्यात नवं ते काय? आमचं आयुष्य कृष्णेच्या माई घाटावर आणि सरकारी घाटावर गेलं. तिथंही भाषा होतीच की. सूर, मुटका, बुडी, उभ्यानं पाणी तुडवणं, पाठीवर पडून धारेला लागणं. कुणाच्या अंगावर मुटका मारायचा नाही, खाली माणूस बघूनच उडी टाकायची, हे कुणी पाटीवर लिहिलेलं नव्हतं. चुकला की थोरली पोरं पाण्यातच धरून दोन बुचकळ्या द्यायची. झालं शिक्षण.

आणि पूर आला की आयर्विन पुलावरून उड्या. आज पोलीस हाकलतात, ते बरंच आहे. पण त्या काळी पुलावरून उडी टाकून कोण कुठं बाहेर निघतो ह्यावर पोराची किंमत ठरायची. तुमचं ते पीक का काय, आमच्याकडे पुलाचा कठडा होता.

पश्चिमवारा

काका, मुजरा. तुमच्या घाटाला लागूच आहे हे सगळं, मी कुठे नाही म्हणतोय? मला पोहणं सरकारी घाटावरच शिकवलं गेलं, कमरेला बिंडा बांधून.

झाडंवेडी

बिंड्याचा विषय निघालाच आहे तर माझं घोडं पुढे दामटते. शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवते, सवय जात नाही.

आपल्याकडे पोहायला शिकताना बांधायचा बिंडा कशाचा असायचा? पांगाऱ्याचा. लाकूड इतकं हलकं की वाळलेला ओंडका पोर एका हाताने उचलतं. आता गंमत बघा. हवाई बेटांवर पूर्वी सरदार-राजेलोक ज्या लांबलचक फळ्या वापरत, त्यांना ओलो म्हणत, आणि त्या विलीविली नावाच्या झाडाच्या लाकडाच्या करत. हे विलीविली म्हणजे एरिथ्रिना प्रजातीतलं झाड. आपला पांगाराही एरिथ्रिनाच! सख्खे नाहीत पण चुलत भाऊ आहेत. फुलंही तशीच, चोचीसारखी, पानगळीनंतर येणारी. रंग मात्र तिकडे लाल-केशरीपासून फिकट पिवळ्या-हिरव्यापर्यंत सगळे दिसतात.

सामान्य माणसांच्या फळ्या आखूड, त्या अलाया. त्या कोआ किंवा विलायती फणसाच्या जातीच्या लाकडाच्या. म्हणजे लाकडातसुद्धा प्रतिष्ठा होती. २००५ मध्ये हवाईत एक बारीकशी गांधीलमाशी शिरली, तिने विलीविलीच्या पानांवर गाठी करून झाडं मारायला सुरुवात केली. तिथल्या लोकांनी बिया साठवून ठेवल्या, तिला खाणारी दुसरी माशी आणून सोडली.

आपल्याकडे पांगाऱ्याला कीड लागायच्या आधीच आपण बांध साफ केले. असो.

कट्ट्यावरचा

झाडंवेडी ताई, हे एक नंबर. माहिती वाचनखुणांत टाकली.

हिशेबी_माणूस

मला एक कळत नाही. व्हिडिओत म्हणतात पाच फुटी लाट, आणि दिसते माणसाच्या डोक्याच्या दीडपट. आपण सांगलीकर फुटांच्या बाबतीत हळवे आहोत. आयर्विनला ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, २०१९ ला ५७ च्या वर गेलं तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी भोगलंय. इथे एक फूट इकडेतिकडे झाला तर गल्ल्या बदलतात. मग ह्यांचा फूट कुठला?

पश्चिमवारा

ह्या प्रश्नाबद्दल तुम्हाला माझ्याकडून एक मिसळ.

हवाईवाले लाट मोजताना जवळपास निम्मी सांगतात. समोरून दिसणारी लाटेची भिंत वीस फूट असली तर तिथला जुना माणूस "दहा फूट असेल" म्हणणार. कुणी म्हणतं ते लाट मागच्या बाजूने मोजतात, कुणी म्हणतं मुद्दाम कमी सांगण्याची ऐट आहे. मला दुसरं पटतं. तिथे फुशारकी उलट्या दिशेने मारतात. जो लाट मोठी करून सांगतो तो बाहेरचा, हे लगेच ओळखू येतं.

ओआहू बेटावर वायमीया नावाचा उपसागर आहे. एडी आयकाऊ तिथला जीवरक्षक. १९७८ मध्ये होकुलेआ नावाची पारंपरिक नौका उलटली तेव्हा मदत आणायला हा फळीवर पडून किनाऱ्याकडे निघाला. नौकेवरचे बाकीचे वाचले, एडी परत आला नाही. त्याच्या नावाने वायमीयाला स्पर्धा असते, पण लाट हवाई मापाने २० फूट, म्हणजे समोरून ४० फूट असेल तरच. नसेल तर त्या वर्षी स्पर्धा नाही. १९८० च्या दशकात सुरू झालेली ही स्पर्धा आजवर मोजक्याच वेळा झालीय. जानेवारी २०२३ मध्ये जिंकला तो ल्यूक शेपर्डसन, आणि तो त्या दिवशी त्याच किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून ड्युटीवर होता. मधल्या सुट्टीत लाटा घेऊन परत मनोऱ्यावर जायचा.

ज्या आकड्यांची बातमी होते ते मात्र समोरच्या भिंतीचे असतात. पोर्तुगालात नाझारेला २०२० मध्ये सेबास्टियन श्टॉयटनरने ८६ फुटांची लाट घेतली, तो जागतिक विक्रम म्हणून नोंदला गेला. तिथे एवढी लाट येते कारण किनाऱ्याला लागूनच समुद्राच्या तळाशी प्रचंड घळ आहे. घळीतून येणारं पाणी जोर न गमावता येतं, बाजूच्या उथळ भागातून येणारं मंदावतं, आणि दोन्ही एकमेकांवर चढतात.

पट्टीचा_पोहणारा

८६ फूट म्हणजे आयर्विनच्या धोक्याच्या दुप्पट होत आलं की. वेडी माणसं.

हिशेबी_माणूस

काका, तुलना तशी होत नाही, आयर्विनचं माप पाण्याच्या पातळीचं आहे...

पट्टीचा_पोहणारा

मला ठाऊक आहे रे. वेडी माणसं एवढंच म्हणायचंय.

साखरेचा_शिलेदार

ते अंगठा आणि करंगळी ताणून हात हलवतात, त्याचं काय? आमच्या कारखान्यातला एक इंजिनियर गोव्याहून आल्यापासून रोज गेटवर तसं करतो.

पश्चिमवारा

शाका म्हणतात त्याला. हवाई राज्याने २०२४ मध्ये तो अधिकृत हावभाव म्हणून कायद्यानेच जाहीर केला. आणि तुमच्यासाठी खास: सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट अशी की हमाना कलिली नावाचा माणूस तिथल्या साखर कारखान्यात ऊस पिळणाऱ्या रुळांवर कामाला होता, त्यात त्याची मधली तीन बोटं गेली. तो हात हलवायचा तेव्हा अंगठा आणि करंगळीच दिसायची. पोरांनी ते उचललं.

साखरेचा_शिलेदार

हे वाचून अंगावर काटा आला. मी मिलवरच होतो सुरुवातीला. रुळांच्या तोंडाशी ऊस अडकला की नवीन माणसाचा हात आपोआप तिकडे जातो, त्याला रागावून मागे ओढावं लागतं. गुऱ्हाळावर तर अजूनही चरकात बोटं गेलेले लोक आहेत आमच्या भागात. उद्या त्या इंजिनियरला सांगतो, गेटवर हात हलवायच्या आधी हे ऐक.

मिरजेची_सून

पाण्यातल्या गोष्टी सगळ्या बाप्येच सांगतायत, म्हणून लिहिते. माझी लेक चेन्नईला शिकते, कोवळमला सर्फिंगला जाते. तिच्याकडून ऐकलेलं: भाषा कळणं ही पहिली पायरी, पण पाण्यात जागा मिळवणं ही दुसरीच गोष्ट. हिला लाटेचा हक्क असला तरी पुष्कळदा शेजारचा गृहीत धरतो की मुलगी आहे, हिला जमणार नाही, आणि हात मारत सुटतो. मग ही जोरात ओरडते, "लेफ्ट!" किंवा "राइट!", म्हणजे मी कुठे जाणार आहे ते सांगते. ओरडल्यावर हटतात. घरी आम्ही हिला हळू बोल, हळू बोल करत वाढवली, आणि तिथे ओरडल्याशिवाय काही मिळत नाही.

कोवळमची कोळ्यांची पोरं मात्र तिला पहिल्या दिवसापासून नीट शिकवतात म्हणे. पाणी त्यांचंच आहे, त्यांना दाखवायची गरज नसते.

पश्चिमवारा

ताई, हे खरं आहे. त्या लेफ्ट-राइटबद्दल एक सांगून ठेवतो, नाहीतर किनाऱ्यावर उभे राहून बघणारे नेहमी गोंधळतात. डावी-उजवी ठरते ती लाटेवरून किनाऱ्याकडे तोंड करून येणाऱ्याच्या हाताने. वाळूत बसलेल्या आईवडिलांना तीच लाट उलट्या बाजूला जाताना दिसते.

आणि मावशी, तुमच्या सासूबाईंना का आजीबाईंना, त्यांना सांगा की गूफी हा रोग नव्हे. फळीवर डावा पाय पुढे ठेवून उभा राहतो तो रेग्युलर, उजवा पुढे ठेवतो तो गूफी. बेसावध असताना कुणीतरी मागून हलकंसं ढकललं की सावरायला जो पाय पुढे जातो, तोच बहुतेकांचा पुढचा पाय. फळी घेऊन देण्याआधी शिकवणारे हेच करून बघतात.

कुपवाडची_मावशी

आई आहेत त्या माझ्या, सासूबाई नव्हेत. 😊 त्यांना मागून ढकलायचा प्रयोग मात्र करणार नाही. बाकी ड्रॉप इन आता समजलं. भाच्याला मेसेज केला की तुझी लाट होती तर तू बरोबर. त्याने उत्तरादाखल तोच शाका पाठवला. बोटांची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती!

चिकित्सक_चाफा

विरोधी सूर लावतो, हलके घ्या. पश्चिमवारा म्हणतात ही भाषा म्हणजे वाहतुकीचे नियम. अर्धं पटलं. नियम सांगायला पाच-सहा शब्द पुरतात. मग लाट मिळमिळीत आहे ह्याला एक शब्द, पाणी काचेसारखं आहे ह्याला एक, फळीच्या नाकाने पाण्यात घुसून तोंडावर आपटलो ह्याला वेगळा, लाटेबरोबर वरून खाली फेकलो गेलो ह्याला वेगळा, हे कशाला? कारण भाषा हे कुंपण असतं. बोललास की कळतं तू आतला का बाहेरचा. हवाईत तर ह्याला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी आले, रोगराईने माणसं मेली, फळ्या जवळपास बंद पडल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोऱ्यांनी वाइकीकीला क्लब काढला, तेव्हा स्थानिकांनी आपला वेगळा काढला, हुई नालू. ड्यूक कहानामोकू त्यातलाच. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये १०० मीटर पोहण्यात सुवर्णपदक, आणि १९१४-१५ ला ऑस्ट्रेलियात जाऊन त्याने फळीवरची प्रात्यक्षिकं दिली. ज्यांचा खेळ होता त्यांनाच आपल्या पाण्यात आपली जागा राखायला लागली. आज लोकल लोक बाहेरच्यांना हाकलतात, त्याच्या मुळाशी हेही आहे.

पश्चिमवारा

@चिकित्सक_चाफा, कुंपण आहे हे मान्य. पण तुम्ही दिलेली उदाहरणं चुकीची निवडलीत. ते शब्द जीव वाचवतात.

नाक घुसलं, म्हणजे पर्लिंग: अर्थ असा की वजन फार पुढे होतं, छाती चार बोटं मागे घे. लाटेबरोबर वरून फेकला गेलास, म्हणजे ओव्हर द फॉल्स: अर्थ असा की उशीर केलास, पुढच्या वेळी आधी हात मार नाहीतर सोडून दे. क्लोजआउट म्हणजे लाट बाजूला सरकत न जाता अख्खी एकदम कोसळणार, हिच्यावर जायचंच नाही. पाण्यातून वर येऊन श्वास घेत असताना शेजारचा हे सगळं वाक्यात समजावत बसला तर पुढची लाट डोक्यावर येते. एका शब्दात काम भागतं.

सेट हाही तसाच. लाटा झुंडीने येतात. दूर वादळात जन्मलेल्या, थोड्या वेगवेगळ्या अंतराने चालणाऱ्या लाटा एकमेकांत मिसळतात. कधी एकमेकांना उचलून धरतात, कधी मारतात. म्हणून चार-पाच मोठ्या, मग बराच वेळ शांत. त्या शांततेला फसून नवखा आत जातो. "सेट!" अशी हाक आली की ज्याला अर्थ माहीत आहे तो लगेच क्षितिजाकडे हात मारायला लागतो, माहीत नसलेला वळून बघत बसतो आणि त्याच्यावर सगळी झुंड फुटते.

चिकित्सक_चाफा

बरं, अर्ध्याचं पाऊण पटलं. पण मुद्दा सोडत नाही.

नाद_खुळा_४१६

आपण पुरात बंधाऱ्यावर केलं तर? पाणी बंधाऱ्यावरून पडतं तिथं खाली एक लाट उभीच असते, हलतच नाही. यूट्यूबवर जर्मनीत भर शहरात नदीत करतात. सांगलीत पहिलं सर्फिंग, जाळ अन् धूर संगटच 🔥

पट्टीचा_पोहणारा

बंधाऱ्याखाली उतरायचं नाही. चेष्टेतही बोलायचं नाही. तुझं वय काय?

पश्चिमवारा

नाद_खुळा भावा, काका रागावले ते बरोबर आहे, कारण समजून घे.

म्युनिकला आइसबाख नावाचा कालवा आहे, तिथल्या पाण्याच्या उभ्या लाटेवर सर्फिंगला २०१० मध्ये अधिकृत परवानगी मिळाली. ती लाट कालव्याच्या तळाची रचना आणि ठरावीक प्रवाह ह्यामुळे होते, आणि लाटेवरून पडलेला माणूस प्रवाहाबरोबर पुढे वाहत जातो. तरीही तिथे पट्टीचे लोकच उतरतात.

बंधाऱ्याखाली गोष्ट उलटी आहे. पाणी वरून पडून तळाशी जातं आणि वर आलेलं पाणी परत बंधाऱ्याकडेच वळतं. तुला ती उभी लाट दिसते, प्रत्यक्षात ते उलटं फिरणारं पाणी आहे. त्यात पडलेलं लाकूड बघितलंयस कधी? तासन् तास तिथल्या तिथे गिरक्या खातं, पुढे जात नाही. माणसाचंही तेच. शिवाय त्या पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की अंग तरंगत नाही आणि हातालाही पाणी लागत नाही. लाइफ जॅकेट घातलेली माणसंसुद्धा अशा बंधाऱ्यांखाली गेलीत, जगभर. पुराच्या पाण्यात झाडं, पत्रे, तारा येतात ते वेगळंच.

पट्टीचा_पोहणारा

लाकडाचं बरोबर सांगितलंस. आम्ही वरून खोबऱ्याच्या वाट्या टाकून बघायचो. एकही वाटी पुढं जायची नाही. तेवढ्यावरून आम्हाला कळलं होतं.

माहुलीचा

साताऱ्याहून डोकावतोय. आमच्याकडे माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते, तिथंही संगमाच्या आतल्या पाण्याला थोरली माणसं हात लावू देत नव्हती. आणि सांगलीकरहो, तुमच्या नदीत मगरी आहेत ते विसरला काय? भिलवडी-औदुंबराकडे काठावर ऊन खात पडलेल्या असतात. फळीवर पोटावर पडून चार हातपाय पाण्यात सोडले की झालं.

नाद_खुळा_४१६

बरं बाबा कळलं. रद्द. मगरीचं आधी सांगायचं ना 😅

पश्चिमवारा

ऑस्ट्रेलियातली मंडळी शार्कला नावाने हाक मारत नाहीत. "राखाडी सुटातला माणूस आलाय" असं म्हणतात. आपल्या मगरीला काय म्हणायचं ते काकांनी ठरवावं.

पट्टीचा_पोहणारा

आम्ही काठावरचा म्हातारा म्हणायचो. आणि बाहेर निघायचो.

कृष्णाकाठ_७७

पुराचं निघालंच आहे तर विचारतो, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची वाढवायचा घाट घातलाय त्याबद्दल इथे कुणीच का बोलत नाही? सगळं मूळ तिथं आहे...

व्यवस्थापक

कृष्णाकाठ_७७, अलमट्टीचा धागा वेगळा आहे, तिथे लिहा. सांगलीत कुठलाही विषय चाळीस प्रतिसादांत अलमट्टीवर पोचतो हे आम्हाला ठाऊक आहे, पण ह्या वेळी जरा थांबू या.

कुपवाडची_मावशी

आभारी आहे व्यवस्थापक! मूळ प्रश्न राहिला: बहिणीला काय सांगू? पोरगा कृष्णेत पोहायला शिकलेला आहे. तेवढं पुरतं का?

पश्चिमवारा

पोहता येतं ह्याने निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्यात नदीची सवय आड येऊ शकते.

नदीत धार एकाच दिशेने असते. तिला तिरकं कापून काठ गाठायचा, हे अंगात भिनलेलं असतं. समुद्रात लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठेतरी वाट काढून परत जातं, ती रिप, आपण ओढ म्हणू. ती सरळ आत नेते. नदीवाला घाबरून थेट किनाऱ्याकडे हात मारतो, म्हणजे बरोबर तिच्या विरुद्ध, आणि दमतो. ओढीला लागलात तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं. ती अरुंद असते, बाहेर पडता येतं. नाहीच जमलं तर तरंगत राहायचं आणि हात वर करायचा. वरून बघताना ओढ ओळखायची खूण: दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधल्या पट्ट्यात पाणी गुळगुळीत, जरा गढूळ. नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते.

फळी सोडायची नाही. पायाला बांधलेली दोरी, लीश, ही १९७० च्या आसपास आली. त्याआधी पडलं की फळी किनाऱ्याला आणि माणूस आत. दोरी आली तेव्हा जुन्या लोकांनी तिला कूकची दोरी म्हणून हिणवलं. आज तीच मंडळी बांधतात. दोरी असली तरी पडताना फळीच्या आणि लाटेच्या मध्ये यायचं नाही, आणि वर येताना डोक्यावर हात धरून यायचं.

हंगामाचं बहिणीला आवर्जून सांगा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र नवख्यांचा नसतो. १ जून ते ३१ जुलै तर यांत्रिक बोटींची मासेमारीच बंद असते, त्याच काळात भाचा "मॉन्सून स्वेल" (पावसाळी मोठ्या लाटा) वगैरे म्हणायला लागला तर कान धरा. ऑक्टोबर ते मे बरा. त्यातही सकाळी. रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे वारा असतो, तो लाटेचं तोंड धरून ठेवतो आणि पाणी काचेसारखं राहतं, ह्यालाच पोरं ग्लासी म्हणतात. दुपारी वारा फिरतो, समुद्रावरून आत येतो, सगळं खळबळ होतं. म्हणून खरा सर्फर पहाटे चारला उठतो, नऊला परत येतो आणि दिवसभर झोपतो. त्याच्या आईला हे आवडत नाही ह्याला उपाय नाही.

मिरजेची_सून

लेकीची आई म्हणून एक भर: शिकवणाऱ्याकडे जीवरक्षणाचं प्रमाणपत्र आहे का आणि एका शिकवणाऱ्यामागे पोरं किती, हे दोन प्रश्न फोन करून विचारा. आम्ही ज्यांना विचारलं त्यातल्या एकाने पोरांचा आकडाच सांगितला नाही. तिथे पाठवली नाही.

कुपवाडची_मावशी

खूप मोठं काम झालं. बहिणीला सगळा धागा वाचून दाखवला. तिला ओढीचं पटलं, पहाटे चारचं अजिबात पटलं नाही, म्हणाली शाळेत असताना सातला उठत नव्हता.

शेवटची शंका. तो म्हणतोय जुनी फळी स्वस्तात मिळतेय, आठ फुटी, पुण्याच्या खोलीत जागा नाही, सांगलीत आजीकडे ठेवतो. आमची गच्ची रिकामी आहे. वर पत्र्याची शेड आहे. चालेल ना?

पश्चिमवारा

पत्र्याखाली नको! सांगलीचा एप्रिल-मे आणि पत्रा म्हणजे आतला फोम फुगून वरचा थर सुटतो, फळी बाद. खालच्या खोलीत, भिंतीला आडवी, उन्हाच्या झोताबाहेर. पाय घसरू नये म्हणून वर मेण चोळलेलं असतं, ते आधी पूर्ण खरवडून घ्यायला सांगा, नाहीतर उन्हाळ्यात वितळून आजींच्या चादरींवर येईल. पंखे काढून वेगळे ठेवा. आणि घेण्याआधी फळी उचलून बघा म्हणावं. दिसते त्यापेक्षा जड लागली तर कुठेतरी भेग पडून पाणी आत गेलेलं आहे, तशी फुकट दिली तरी घ्यायची नाही.

झाडंवेडी

आणि जागा कमी पडली तर आमच्याकडे माळा आहे. पांगाऱ्याचा एक जुना बिंडा आहे तिथे, त्याला सोबत होईल.

कट्ट्यावरचा

भडंग संपलं. पुढचा पुडा आणतो, तोवर कुणीतरी हँग टेन म्हणजे काय ते लिहून ठेवा.

मिरजेची_सून

फळीच्या अगदी पुढच्या टोकाला जाऊन पायांची दहाही बोटं कडेबाहेर काढायची. लांब फळीवरच जमतं. लेकीचं अजून पाचावर अडलंय.